हिराबाईला उठवायचा ठराव

रविवार, संध्याकाळ. मुलुंड.

सोसायटीची मीटिंग आटपून आत्ताच वर आलो. डोकं भणभणतंय. उद्यापासून हिराबाईने गेटवर मासे विकायला बसायचं नाही, असं हात वर करून ठरलं. का, तर ग्रुपवर आलेला एक व्हिडिओ. कुणी बाई गटाराच्या पाण्यात मासे धुतेय. तोंड दिसत नाही, पण आवाज येतो ना! मी दोनदा कानाला लावून ऐकला. ती भाषाच इथली नाही. हिराबाई हिंदीसुद्धा कोळी हेल काढून बोलते.

मीटिंगमध्ये उठून मी हे सांगितलं, तर सेक्रेटरी नाईक म्हणाले, "शेठ, तुम्ही मासे खाता, म्हणून बाजू घेताय." सगळे हसले. मीही हसलो.

मग विचारलं, "पण हिराबाईला तसं धुताना पाहिलं कुणी?"

"अहो, सगळेच बोलतायत ना!"

सगळे म्हणजे कोण? माझ्या कारखान्यातून गेलेला पार्ट परत आला, तर कुणाच्या मशिनवरचा ते मला सांगावंच लागतं. इथे एका बाईचं पोट जातंय.

जिन्यात नाईकांना गाठलं. "तो आवाज तरी नीट ऐका."

"सोडा ना यार, मी फक्त फॉरवर्ड केला."

घरात येईस्तोवर त्यांनी व्हिडिओ डिलीट केला होता. ठराव तसाच.

आणि तिला सांगायचं मी, कारण माझं तिच्याशी चांगलं आहे म्हणे. सकाळी पाटी उतरवताना ती विचारणारच, "भाऊ, माझं नाव कोनी घेतलं?"

काय सांगू? कुणीच नाही गं, हिराबाई. पण तू ऊठ.