ल्युब्लियानाला एक्याऐंशी गुण

१२ मे, रविवार

आजपासून रोजनिशी. टिनेके म्हणते, हार्म, लिहीत जा, मोकळं वाटतं. (टिनेके ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर बसते आणि न विचारता सल्ले देते.) मला मोकळंच वाटतं. हेस्टर मुलांना घेऊन खाली दक्षिणेला, आइंडहोवनला गेली त्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून मला काहीच वाटत नाही. याला मनःशांती म्हणतात.

संकल्प: या उन्हाळ्यात मुलांना घेऊन चार दिवस परदेशातल्या एखाद्या शहरात. यिल्डा सतरा, रिंक चौदा. पुढच्या वर्षी यिल्डा मैत्रिणींबरोबर जाणार. म्हणजे हा शेवटचा चान्स. शहर असं निवडायचं की मुलांनी जन्मभर म्हणावं, बाबाने नेलं होतं.

१४ मे, सकाळी ७.१०

एक्सेल शीट तयार. अकरा शहरं, चौदा निकष. पाऊस, चालायची अंतरं, संग्रहालयं, वायफाय, ‘तरुण मुलांना आवडेल असं काहीतरी’. शेवटचा निकष जरा मोघम आहे, पण कॉलम निळा केला आहे.

२१ मे

ऑफिस. असेनच्या नगरपालिकेत मी शाळा-हजेरी अधिकारी. सुट्टी लागायच्या आत पोरांना शाळेतून उचलून सहलीला पळणारे आईबाप पकडायचे, दंड लावायचा. आज एक जोडपं होतं. म्हणे, दोन दिवस आधी निघालं की विमान निम्म्या पैशांत पडतं. मी म्हटलं, सुट्ट्यांचं कॅलेंडर वाचण्यासाठी असतं, वाचत चला. बाई म्हणाली, तुम्हाला मुलंबाळं नसतील. म्हटलं, दोन आहेत.

टिनेके नंतर म्हणाली, जरा प्रेमाने बोलत जा की. मी प्रेमानेच बोललो होतो.

२ जून, रविवार

व्हॉट्सॲप ग्रुप काढला: ‘तीन प्रवासी’. शहरांची यादी टाकली. यिल्डाचा अंगठा आला. रिंकने विचारलं, पोहायला आहे का? दांडगा उत्साह.

संध्याकाळी यिल्डाला फोन. ती म्हणाली, बाबा, आम्ही सरळ तुझ्याकडेच आलो तर? तळ्यावर जाऊ, पॅनकेक करू. तू जळके करतोस ना, तसे. मी म्हटलं, अगं, खर्चाची काळजी तू करू नकोस. ती म्हणाली, खर्चाचं नाही रे. पोर समजूतदार आहे.

तिचं मन राखायला असेनचंही नाव शीटमध्ये घातलं. शंभरात तेवीस गुण. ‘परदेश’ या निकषात शून्य, त्याला मी काय करू?

१६ जून

अँटवर्प बाद. आइंडहोवनपासून फार जवळ, तिथे हेस्टरसुद्धा नेऊ शकते. कोपनहेगन बाद, महाग. व्हिएन्ना बाद. आमचा हनिमून तिथे झाला होता, पण त्याचा काही संबंध नाही, कॉफी महाग आहे. पोर्तोला एकोणऐंशी, चढामुळे मागे पडलं. ल्युब्लियानाला एक्याऐंशी.

मुलांना ल्युब्लियाना कुठे आहे ते माहीत नसेल. तेवढीच भूगोलाची उजळणी.

३० जून, रविवार

बुकिंग केलं. गुरुवार २२ ते रविवार २५ ऑगस्ट. नीट विचार करून काढलेल्या तारखा: सुट्टीचं टोक, गर्दी कमी, दर उतरलेले. ऑफिसातलं कॅलेंडर समोर घेऊनच बसलो होतो. शाळा २ सप्टेंबरला. रद्द न होणारी तिकिटं घेतली, ती स्वस्त पडतात आणि आपल्याला रद्द करायचं कुठे आहे?

मुलांना शहर सांगायचं नाही, तारखाही नाहीत. सरप्राइज.

८ जुलै

ग्रुपवर लिहिलं, ऑगस्टचा शेवट मोकळा ठेवा. रिंकने लगेच कसलासा फोटो टाकला. मी हॉटेलच्या खोलीतले पलंग मोजत होतो, उघडला नाही. अंगठा दिला. बाप-लेकांत संवाद चालू राहायला हवा.

जेवण: ब्रेड, चीज.

२५ जुलै

हेस्टर मुलांना घेऊन समुद्रावर गेली आहे, तंबूत राहतात. यिल्डाचं पोस्टकार्ड आलं: सारखा पाऊस, खूप मजा. या दोन गोष्टी एकत्र कशा, कळलं नाही. कार्ड फ्रिजला लावलं. काही वाटलं नाही. मग काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग परत फ्रिजला.

जेवण: ब्रेड, चीज.

११ ऑगस्ट, रविवार

सकाळी दहाला सरप्राइज फोडलं. तिकिटं, हॉटेल, आणि ल्युब्लियानाच्या पुलाचा फोटो ग्रुपवर. अंगठे आले नाहीत.

दहा वाजून वीस मिनिटांनी हेस्टरचा फोन. हार्म, २२ तारीख? त्यांची शाळा १९ला उघडते. मी म्हटलं, नाही, २ सप्टेंबरला. ती म्हणाली, तुझ्याकडची.

सगळा देश एकदम रस्त्यावर उतरू नये म्हणून उन्हाळ्याच्या सुट्ट्या तीन भागांत वाटलेल्या असतात: उत्तर, मध्य, दक्षिण. कुणाची आधी, कुणाची नंतर. हे मला माहीत आहे. आमच्या गावात नव्याने आलेल्या आईबापांना मीच हे समजावतो, हातात नकाशा घेऊन. पण मुलं म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर असेनच येतं. त्यांची खोली, त्यांच्या सायकली, त्यांची शाळा. त्यातलं आता इथे काहीही नाही.

हेस्टर म्हणाली, रिंकने शाळेचं कॅलेंडर पाठवलं होतं की तुला, जुलैत. तू अंगठासुद्धा दिलास. तिचा आवाज चढला नाही. पूर्वी चढायचा.

फोटो उघडून पाहिला. १९ ऑगस्टभोवती लाल पेनने गोल. शेजारी रिंकच्या अक्षरात: बाबा, हे बघ हां नक्की.

१२ ऑगस्ट

डगमगायचं कारण नाही. प्रश्न फक्त दोन दिवसांच्या रजेचा. जेवणाच्या सुट्टीत आइंडहोवनच्या मुख्याध्यापिकांच्या नावे अर्ज लिहिला. ‘विशेष कौटुंबिक परिस्थिती’ असा विषय टाकला. मग माझ्या टेबलावर आला आहे असं समजून वाचला. आजारपण नाही, लग्न नाही, मयत नाही. बापाने तारीख चुकवली. तीन मिनिटांत नामंजूर केला.

टिनेके म्हणाली, अरे पाठव तर खरं, त्या बाईही माणूसच असतील. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. टिनेके चष्मा पुसत बसली. आज तिने काही सल्ला दिला नाही.

१८ ऑगस्ट

सहल रद्द झाल्याचं ग्रुपवर कळवलं. यिल्डा: काय रे बाबा तू पण! रिंक: असू दे. नुसतं ‘असू दे’. चौदाव्या वर्षी एवढं समंजस कोण असतं?

नवा प्लॅन, आणि खरं तर जास्त चांगला: शहर बदलायचं. शनिवारी मीच आइंडहोवनला जाईन. शीटमध्ये घातलं तर चौसष्ट गुण मिळाले, वाईट नाही. न कळवता कोणाच्या दारात उभं राहायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून रीतसर वेळ मागितली. रिंकची हॉकीची मॅच, बाहेरगावी. यिल्डा शनिवारी सुपरमार्केटमध्ये काम करते. कधीपासून? मार्चपासून, म्हणाली. सव्वातीनला तिला पंधरा मिनिटांची सुट्टी असते, ती मला दिली.

२२ ऑगस्ट, गुरुवार

विमान दुपारी एक चाळीसला उडालं, वेळेवर. फोनवर त्याचा ठिपका आल्प्सपर्यंत पाहिला. काही वाटलं नाही. चीज संपलं आहे.

२४ ऑगस्ट, शनिवार, परतीच्या ट्रेनमध्ये

सव्वातीनच्या वीस मिनिटं आधीच पोचलो. सुपरमार्केटच्या मागे ट्रॉल्यांच्या रांगेजवळ बाक आहे. यिल्डा युनिफॉर्ममध्ये आली, छातीवर नावाची पट्टी. उंची वाढली आहे. तिने मला मिठी मारली, माझ्यासाठी आणलेला सॉसेज-ब्रेड हातात दिला, म्हणाली, खा, आमच्याकडचा आहे, तुमच्याकडे असा मिळत नाही.

मी चार दिवसांचं सगळं बोलायचं ठरवून आलो होतो. मुद्दे खिशात होते. तीच बोलत राहिली. भाजीच्या विभागातला मॅनेजर कसा खडूस आहे, रिंक हॉकीच्या टीममध्ये कसा रुळला आहे, ती पुढच्या वर्षी कुठे शिकायला जाणार आहे. मी मान हलवत होतो आणि ऐकू काही भलतंच येत होतं. आम्ही उत्तरेकडचे लोक ‘ग’ घशातून खरवडून काढतो. तिचा ‘ग’ मऊ झाला आहे. दक्षिणेतला, अगदी सायीसारखा. दर रविवारी फोनवर बोलतो आम्ही, आणि फोनवर मी शहरांचे गुण सांगत होतो.

मी विचारलं, तू असं कधीपासून बोलायला लागलीस? ती म्हणाली, कसं? अशीच तर बोलते मी, बाबा.

मग तिने घड्याळ पाहिलं, माझ्या कोटावरचे पावाचे तुकडे झटकले आणि आत गेली. मी बाकावर बसून राहिलो. परतीच्या दोन ट्रेन सोडल्या.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. लिहून ठेवतो आहे, कारण उद्या वाटेलच असं नाही.