शलाकाच्या गाडीची सहा चाके

मी, यशोधरा राजेंद्र शेजवळ, वय ६८, धर्म बौद्ध, निवृत्त परिचारिका, राहणार कुळगाव, बदलापूर (पूर्व), हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी स्वतःच्या मनाने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शरीराबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही. आजार स्वादुपिंडाचा आहे. जन्मभर लोकांचे रिपोर्ट वाचले, त्यामुळे माझा मला कोणाला समजावून सांगावा लागला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मला वारस दोन. मुलगा सम्यक, तो बंगळुरूला नोकरी करतो. मुलगी शलाका, वय ३६, अविवाहित, माझ्याजवळ राहते. शलाकाला स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे. शाळेत असतानाच ती चाकाच्या खुर्चीत बसली आणि आता हातांतली ताकदही गेली आहे. तिच्या बुद्धीचा दाखला कोणाला हवा असेल तर त्याने तिच्याशी घटकाभर वाद घालून पाहावा.

२. कुळगावची सदनिका माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती माझ्या पश्चात विकावी आणि येईल ती सगळी रक्कम शलाकाच्या देखभालीसाठी ठेवावी. सम्यकने हक्क सोडल्याचे लिहून दिले आहे. कर्जतकडच्या एका संस्थेत त्याने तिच्यासाठी जागा पाहून ठेवली आहे. तो मला म्हणाला, "आई, मी तिला टाकणार नाही. पण रोजचं उचलणं-ठेवणं माझ्याच्यानं होणार नाही." खोटे आश्वासन देण्यापेक्षा त्याने हे सांगितले, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. दुःख आहे, पण ते मृत्युपत्रात वाटून देता येत नाही.

३. गाडी. ही शाळेची जुनी मिनी बस आहे, मागे दोन्ही बाजूंना जोडचाके असलेली. सध्या ती जांभूळ येथे श्री. बुधाजी गायकर यांच्या आवारात उभी आहे. ही गाडी कशी आली ते लिहिणे भाग आहे, कारण नातेवाइकांत तिला "राजेंद्रचं खूळ" म्हणतात.

सम्यकच्या लग्नासाठी नाशिकला जाताना चार अनोळखी माणसांनी शलाकाला खुर्चीसकट उचलून स्टेशनच्या जिन्यावरून नेले. ती त्यांच्याशी हसून बोलत होती. घरी आल्यावर तिने सांगितले की यापुढे मला कुठे नेऊ नका. तिचे पप्पा अंबरनाथच्या केमिकल कारखान्यात मेंटेनन्सला होते. त्यांनी निवृत्तीनंतर भंगारात निघालेली ही बस घेतली. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातल्या सुताराकडून आत कमी उंचीची खाट, पाण्याची टाकी, शेगडीचा ओटा आणि मागे खुर्ची चढवायला उतरती फळी करून घेतली. चालवायला बुधाजीभाऊ. त्यांनी जांभूळच्या पाण्याच्या टँकरवर हयात काढलेली. या गाडीतून आम्ही नागपूर, सांची, हंपी पाहिले. शलाका रस्त्यात कोणाच्या खांद्यावर गेली नाही. त्या वर्षांसारखी वर्षे मला पुन्हा मिळाली नाहीत.

मग तिचे पप्पा हृदयविकाराने गेले आणि गाडी उभी राहिली. दोन पावसाळ्यांनंतर शलाकाने स्वतःच विषय काढला की बुद्धगयेला जाऊ या. पप्पांचे ते राहिले होते. बुधाजीभाऊंनी लोखंडी दांड्याने एकेक टायर ठोकून पाहिला आणि सगळे ठणठणीत म्हणाले. नक्षीही खोल होती. पण खुर्चीत बसल्यावर शलाकाची नजर बरोबर टायरच्या उंचीला येते. तिने कडेला छापलेले चार आकडे वाचले. त्यातले शेवटचे दोन म्हणजे टायर बनल्याचे साल. टायर दहा वर्षांचे होते आणि रबराला केसासारख्या भेगा गेलेल्या होत्या. टायर चालून झिजतो तसा उभा राहूनही मरतो, हे मला त्या दिवशी कळले.

सहा टायर बदलायचे ठरले तेव्हा माझे धाकटे दीर कैलास सल्ला द्यायला आले. पुढचे दोन नवे घ्या, मागे बाहेरून दोन नवे लावा, आणि आतल्या बाजूला जुन्यावर नवे रबर चढवलेले चालतील, असे त्यांचे म्हणणे. "आतलं चाक कोण बघतंय?" असे म्हणून ते शलाकासमोर मला म्हणाले, "आणि वहिनी, अजून किती वर्षं फिरणार आहे ती?" मला बाहेर उन्हात घ्या, एवढेच शलाका बुधाजीभाऊंना म्हणाली.

शहाडच्या एका दुकानात आम्हाला कोरे म्हणून जे टायर दाखवले ते शलाकाने वाचले तर चार वर्षांचे निघाले. तिथून उठलो. उल्हासनगरला मुकेशशेठच्या दुकानात गेलो, तेव्हा त्यांनी आधी माल दाखवलाच नाही. गाडीचे वजन विचारले. ते आम्हाला ठाऊक नव्हते. पाण्याची टाकी भरा, सगळे आत बसा आणि काट्यावर वजन करून या, असे त्यांनी सांगितले. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर आम्ही शलाकासकट तोलले गेलो. ती बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसली. आपण ट्रकच्या रांगेत उभे आहोत याचे तिला फार अप्रूप वाटले.

वजनाची चिठ्ठी पाहून मुकेशशेठनी आतल्या चाकाबद्दल सांगितले ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते. "भाभी, जोडीमध्ये फरक नाही चालत. एक जुना, एक नवा लावला तर जो उंच आहे तोच सगळा वजन उचलणार. पहिला तो जाणार, मग दुसऱ्यावर सगळा लोड येणार, मग तो पण जाणार." म्हणून सहाही एकाच मापाचे, एकाच बनावटीचे, एकाच सालचे घ्यायचे. नायलॉन की रेडियल, हे त्यांनी शलाकालाच विचारले. नायलॉन दणकट आणि स्वस्त, पण दगडासारखा; रेडियल लांबच्या रस्त्याला कमी तापतो आणि हादरा गिळतो. तिने रेडियल सांगितले. आतल्या चाकाची हवा बाहेरून तपासता यावी म्हणून त्यांनी लांब नळीही बसवून दिली आणि स्टेपनीही त्याच जातीची घ्यायला लावली.

गाडी मुरबाड रस्त्याने जाऊन परत आणली. शलाका खाटेवर पडून होती. उतरताना तिने मला सांगितले, "आई, पाठीला काहीच लागलं नाही." अशा शरीराला हे वाक्य किती मोठे असते ते परिचारिकेला माहीत.

बुद्धगयेला जायला थंडी बरी म्हणून थांबलो. त्या पावसाळ्यात बुधाजीभाऊंना काचबिंदू निघाला. किल्ली माझ्या हातात देताना ते म्हणाले, "ताय, डोल्यांनी धोका दिला. तुमच्या पोरीला घेऊन मी खड्ड्यात नाय जानार." दुसरे चालक शोधले. एकाने शलाकाला उचलावे लागते हे ऐकून फोन घेणे बंद केले, दुसरा गाडी पाहायला आला तो पुन्हा आला नाही. दिवाळीनंतर माझा आजार निघाला. एकाच जागी वजन पडून टायर खराब होऊ नयेत म्हणून गाडी आता लाकडी ठोकळ्यांवर चढवली आहे.

सबब, ही गाडी मी शलाकाला देते. माझी नोकरीतली मैत्रीण श्रीमती अंजनी भोईर यांनी गाडीची निगा राखावी, टायर उन्हापासून झाकावेत, हवा पाहावी आणि चालक मिळताच शलाकाला बुद्धगयेला न्यावे.

४. कैलास शेजवळ यांना मी काही देत नाही. माझ्या यजमानांनी त्यांना शिकवले, नोकरीला लावले, ते सगळे आधीच देऊन झाले आहे. त्यांनी माझ्या अंत्यविधीला यावे, शलाकाच्या खोलीत मात्र जाऊ नये.

५. यजमानांची हत्यारांची पेटी बुधाजीभाऊंनी घ्यावी. माझ्या कानांतल्या कुड्या अंजनीला. आम्ही एका वॉर्डात उभ्या राहून म्हाताऱ्या झालो. माझ्या पश्चात तीच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करेल. बुद्धवंदनेची पुस्तके विहाराला द्यावीत.

६. कलम ३ मधील शेवटचा परिच्छेद मी रद्द करते. त्याचे कारण असे.

मसुदा तयार झाल्यावर अंजनीने तो मला वाचून दाखवला. शलाका शेजारी खुर्चीत होती. सगळे ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "आई, गाडी माझ्या नावावर करू नकोस."

मी कारण विचारले.

"तिथं संस्थेत पडल्या पडल्या मी तिचाच विचार करत बसेन. हवा आहे का, कुणी चालक मिळाला का. मला तेवढंच काम उरेल. दमते मी त्यानं."

टायर नवे आहेत, असे मी म्हटले.

"म्हणूनच आत्ता विक. कुणाच्या उपयोगाचे आहेत तोवर."

मी तिला समजावायला हवे होते. मरणाऱ्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना धीर देण्यात माझी नोकरी गेली, शब्द मला पाठ आहेत. त्यातला एकही तिच्यासमोर काढवला नाही. ती रडलीही नाही. अंजनी उठून स्वयंपाकघरात गेली.

तरी ही गाडी टायरांसह विकावी. ठोकळ्यांवरून उतरवून, घेणाऱ्याला टायरांचे खरे साल दाखवून विकावी. रक्कम कलम २ प्रमाणे शलाकाच्या देखभालीत मिळवावी. वकीलसाहेब म्हणाले की रद्द केलेला भाग काढून सगळे नव्याने लिहू. मी नको म्हटले. ती गाडी तिला द्यायची होती, एवढे कुठेतरी राहू दे.

७. संस्थेतल्या लोकांसाठी. शलाकाला स्वतःची कूस बदलता येत नाही. एका अंगावर फार वेळ राहिली तर खुबा आणि खांदा असह्य दुखतो. पण ती हाक मारत नाही. लहानपणापासून मारत नाही. समोरच्याची झोपमोड होईल म्हणून गप्प पडून राहते. घरी मी न बोलावता उठत आले. तिथे जो कोणी कामावर असेल त्याने आपणहून जाऊन तिला विचारावे. नुसते "ठीक आहे ना?" विचारले तर ती हो म्हणेल. "कुठल्या कुशीवर वळवू?" असे विचारावे.

वकीलसाहेबांनी स्पष्ट सांगितले की हे कलम कोणावरही बंधनकारक करता येत नाही, कोणते न्यायालय ते पाळायला लावणार नाही. मला ते समजले आहे. समजूनच खाली सही करते.

यशोधरा राजेंद्र शेजवळ
(सही)

वरील सही लिहून देणार यांनी मजकूर ऐकून, समजून आमच्या दोघांच्या देखत केली, आणि आम्ही त्यांच्या देखत खाली सह्या केल्या.

साक्षीदार:
१. बुधाजी धोंडिबा गायकर, राहणार जांभूळ (बारीक दिसत नसल्याने सहीची जागा बोट धरून दाखवली)
२. सगुणाबाई महिपती मेहेर, शेजारी, राहणार कुळगाव

स्थळ: कुळगाव, बदलापूर
दिनांक: ९ ऑगस्ट २०२५