यादीतली दुसरी सून

तळा, ९ मे

ती. सौ. दिपालीवहिनीस मृणालचा सा. न. वि. वि.

तिथे दोन जमातींची दंगल पेटल्यापासून तुमचा फोन लागत नाही. आपल्या वकिलातीची औषधांची पेटी तुमच्या हॉस्पिटलात जाणार आहे, तिच्यातून हे पत्र पाठवते. माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. परत आणायच्या माणसांच्या यादीसाठी तुमचा अर्ज मीच भरला. आई म्हणाली, आपल्या घरातलं नाव लिही. लग्नात दादाने तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव मी तीनदा तपासून लिहिलं. काल तुमच्या पासपोर्टची झेरॉक्स सापडली. त्यावर माहेरचं कल्पिता आहे. लगेच त्या नावाने दुसरा अर्ज दिला. दादा ओरडला नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाला, नर्सबाई आल्या की तुला सुई टोचतील.

रागावलात तरी लोभ असावा.
मृणाल

हॉस्पिटल, १३ मे

चि. मृणालला अनेक आशीर्वाद.

रोज सकाळी फाटकाशी विमानतळावर नेणारी बस येते. भोंग्यावर दिपाली प्रज्योत शिगवण पुकारतात. पासपोर्टवर ते नाव नाही म्हणून मला मागे फिरवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुकारतात. समोरच्या गल्लीत काही दारांवर चुना फासतात. सकाळी ती दारं सताड उघडी असतात. आत पंखे फिरताना दिसतात, माणसं नाहीत.

आज अधिकारी नवा होता. नाव पुकारलं आणि मी उठायच्या आत आमच्याकडे चादरी धुणारी इथली बाई उठली. तिच्या दारावर काल चुना लागला. पासपोर्ट नाही म्हणाली, तर यादीवरून तिला प्रवासाचा कागद करून दिला. मी मान खाली घातली. कागदावर पत्ता आपल्याच घराचा आहे. बस सुटायच्या आत हे पत्र खिडकीतून तिच्याच हाती देते. तिला माझ्या नावाने हाक मारा. तिचं नाव मी लिहीत नाही.

सगळ्यांची आठवण काढणारी,
तुझी वहिनी

तळा, १७ मे

ती. सौ. कल्पितावहिनीस सा. न. वि. वि.

त्या पोचल्या. भाषा कळत नाही, पण दिपाली म्हटलं की उठून उभ्या राहतात. झोपेतसुद्धा. आईने तुमची साडी दिली. त्या ओटीवर पाठमोऱ्या बसल्या की दादा दारातच थबकतो.

काल कचेरीतून फोन आला. एका घरातून दोन सुना कशा? बाई एकच असेल तर दुसरा अर्ज रद्द करतो म्हणाले. खरं सांगितलं असतं तर यांना परत धाडलं असतं, आणि खोटं न सांगता गप्प बसले असते तर तुम्ही तिथेच राहिला असता. मी म्हणाले, दोन आहेत. मग दुसरीचा नवरा विचारला. दादाशिवाय मला भाऊ नाही हे तुम्ही जाणताच, तरी साहिल, माझा मधला भाऊ, मी म्हणाले. ते विचारत गेले, मी सांगत गेले. उंच, गालावर तीळ, आगरदांड्याच्या जेट्टीवर कामाला. एकदाही अडखळले नाही. कल्पिताचं नाव आता शुक्रवारच्या बसच्या यादीत आहे. पुकारलं की लगेच उठा.

आज आईने जेवायला पाच ताटं वाढली. आम्ही चौघंच होतो. पाचवं दादाच्या शेजारी, भावाच्या जागी होतं. त्या ताटापाशी त्या बाईंनी, न सांगता, पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

लोभ आहेच, तुम्ही तेवढ्या या.
मृणाल