शेवटची चाळीस मिनिटं कापावीत की ठेवावीत

चिरंजीव भाच्यास,

थिएटरच्या मशीनच्या खोलीतून मामाचे आशीर्वाद. इथे सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत. तुझ्या मामीचा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही, त्यामुळे हल्ली उतरायची कामं ती स्वतः करते आणि चढायची मला सांगते. माझी एक दाढ काढली, तिचा विषय पुढे येईलच. तुझी आई (म्हणजे माझी ताई, तू सिनेमावाला झाल्यापासून नातीगोती विसरतोस म्हणून कंसात लिहिलं) ठणठणीत आहे. तुझा खोकला गेला का ते कळव.

विशेष असे की, तू पाठवलेला तुझा पहिलावहिला सिनेमा, लांबी तीन तास दहा मिनिटं, गेल्या शनिवारी दुपारी तीनच्या खेळाला आपल्या थिएटरात लावला. तुझे निर्माते शेवटची चाळीस मिनिटं कापा म्हणून हटून बसलेत, तू कापणार नाही म्हणून बसलायस, आणि आपल्या गावातली माणसं ठरवतील तसं करू, असं तुमच्यात ठरलंय. गुरुवारपर्यंत उत्तर हवं, नाहीतर ते स्वतःच कात्री लावणार. तुझी तीन वर्षं या सिनेमात गेली आहेत हे मला माहीत आहे. म्हणूनच मी जबाबदारीने लिहितोय, आणि फोनवर मला चार मिनिटांत मुद्द्यावर येता येत नाही म्हणून पत्र लिहितोय. (पत्रातही येता येत नाही, पण पत्र मध्येच कट होत नाही.)

आधी एक गोष्ट सांगतो, जी तुला माहीत असायला हवी, पण तुझ्या सिनेमाची लांबी बघता तू विसरलेला दिसतोस. आपल्याकडे कारखान्याची पाळी अडीचला सुटते, म्हणून खेळ तीनच्या आधी लावता येत नाही. आणि पुलापलीकडच्या वसाहतीत जाणारी शेवटची बस संध्याकाळी सहाला सुटते, आणि तिचा ड्रायव्हर स्वतःच्या सासऱ्यासाठीसुद्धा थांबत नाही. (सासरे चालत गेले. तेव्हापासून बोलत नाहीत.) म्हणून मालकांनी बाहेर जायच्या दारावर लाल दिवा लावून घेतला आणि त्याचं बटण माझ्या उजव्या हाताशी दिलं. पावणेसहा वाजले की मी दिवा लावायचा, लोकांनी उठायचं, बस गाठायची. सिनेमा अडीच तासांचा असला तर पंधरा मिनिटांचं मध्यंतर धरून संपलेला असतो. मोठा असला तर तो पुढे चालू राहतो, मी एकटा बघतो. गेली एकतीस वर्षं हे असंच चाललंय आणि कुणाची तक्रार नाही.

आता यातून काय झालंय ते बघ. लांब सिनेमा चांगला की आखूड, यावर तुमच्याकडे मोठमोठी माणसं चर्चा करतात असं तू म्हणालास. आपल्याकडे हा प्रश्न केव्हाच निकालात निघालाय. आपल्या गावाचं एकमुखी मत आहे की सिनेमा जितका लांब तितका चांगला. अडीच तासांच्या सिनेमाला लोक शेवटपर्यंत बसतात आणि बाहेर पडताना म्हणतात, बरा होता, पण शेवटी माती खाल्ली. तीन तासांच्या सिनेमातून ते मध्येच उठतात आणि बसमध्ये पुलापर्यंत त्याच्यावर बोलत राहतात, काय सिनेमा आहे म्हणून. याचं कारण गावात फक्त मला माहीत आहे. लांब सिनेमाचा शेवट त्यांनी पाहिलेलाच नसतो. मी पाहिलेला असतो. बाबा रे, एकतीस वर्षं मी रिकाम्या थिएटरात शेवट बघत आलोय, आणि दहातले नऊ शेवट म्हणजे पाहुणे निघाल्यावर दारात उभं राहून पुन्हा सुरू केलेल्या गप्पा. दोन तास ज्या माणसाने विचार करून पाऊल टाकलं तो अचानक पळायला लागतो. जे कधी रडले नाहीत ते रडतात, ज्यांचं पटत नव्हतं त्यांचं पटतं, आणि कुठल्या तरी गोदामाला आग लागते. गोदाम आधीच्या दोन तासांत कुणाच्या बोलण्यातही आलेलं नसतं.

आणि पाप माझंही आहे, ते लपवत नाही. दुसऱ्या दिवशी केस कापायला गेलं, भाजी घ्यायला गेलं, की लोक विचारणार, पुढे काय झालं. खरं सांगायला माझी जीभ रेटायची नाही. इतक्या आवडीने विचारणाऱ्याला गोदामाची आग कशी सांगायची? म्हणून मी आपला माझ्या मनाने शेवट सांगायला लागलो. साधेच असायचे. दोन भावांचं वैर असलं तर धाकटा येऊन घराची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेला, एवढंच. लोक मान हलवायचे. चपलांचा दुकानदार एकदा मालाच्या खरेदीला परगावी गेला असता तिथे तोच सिनेमा शेवटपर्यंत पाहून आला, आणि मला वाटलं आता आपलं पितळ उघडं पडणार. तर तो चार लोकांत तावातावाने सांगत होता की त्या गावातल्या थिएटरवाल्यांनी शेवट बदलून चांगल्या सिनेमाचं वाटोळं केलंय. मी त्याला चहा पाजला.

असो. शनिवारी मात्र मी पक्कं ठरवलं होतं की दिवा लावायचा नाही. ज्या चाळीस मिनिटांसाठी सगळा खटाटोप तीच कुणी पाहिली नाहीत तर काय उपयोग? मालकांना सांगून दारावर पाटी लावली की आज सिनेमा सव्वासहानंतर सुटेल. ड्रायव्हरला भेटून हात जोडले, तर तो चक्क साडेसहापर्यंत थांबायला तयार झाला. (तुझा सिनेमा म्हणून. सासऱ्यांना हे कळवू नकोस.) बटणावर मी जाड चिकटपट्टी लावली. मामीने तीनदा आठवण केली. दोनशे दहा माणसं आली, बाल्कनी भरली, आणि तुझी आई नवव्या रांगेत कडेच्या खुर्चीत बसली.

पहिले अडीच तास कसे गेले ते लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि मला शब्दांची टंचाई कधी नसते हे तू जाणतोस. बाईने तोंडात टाचण्या धरून शेजारणीशी भांडावं आणि एकही टाचणी पडू नये, हे तू दाखवलंस तेव्हा सगळं थिएटर ताईकडे वळून हसलं. डाव्या हातात कात्री. कापड कापायच्या आधी ते एकदा झटकून कानाशी धरायची तिची खोड. तुझे वडील गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिने दुकान उघडलं आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या ब्लाउजाला बटणं उलट्या बाजूला लावली, ते. हेडबाई रडल्या. मालक रडले, आणि मालक एरवी फक्त विजेचं बिल बघून रडतात. आणि तेवढ्यात पावणेसहा वाजले.

मी काही केलं नाही. जे केलं ते हाताने केलं. डोळे पडद्यावर होते आणि हाताने चिकटपट्टी सोडवली, व्यवस्थित घडी करून टेबलाला चिकटवून ठेवली, आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. दोनशे नऊ माणसं उठली. पाटी वाचलेली उठली, पाटी लिहिणारे मालक उठले, तुझी मामी, जिचं घर पाच मिनिटांवर आहे आणि जी बसने कधीच जात नाही, तीही पिशवी घेऊन उठली. मी जिना उतरून दारात धावलो, हात करून परत या परत या म्हणालो, तर लोकांना वाटलं मी निरोप देतोय. तेही हात करत गेले. ड्रायव्हरने भरलेली बस पाहिली आणि सहाच्या ठोक्याला सोडली. मी कपाळावर हात मारून आत आलो. पडद्यावर तुझा सिनेमा चालू होता आणि नवव्या रांगेत ताई एकटी बसली होती. ती तिच्या स्कूटरवरून आली होती, तिला बसचं काही देणंघेणं नव्हतं. मशीन हल्ली आपलं आपण चालतं, म्हणून मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

तेव्हा, भाच्या, तुझी शेवटची चाळीस मिनिटं गावातर्फे आम्ही दोघांनी पाहिली. त्यात तू तुझ्या आईला मारलंयस. मरणाबद्दल माझी तक्रार नाही, सिनेमा आहे. पण ती किती वेळ मरते याला काही मर्यादा? काठी घेऊन चालते, खिडकीशी बसते, फोनकडे बघते, पुन्हा खिडकीशी बसते. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पंचविसाव्या मिनिटाला ती माझ्याकडे वाकून म्हणाली, "एवढा वेळ लागतो होय रे मरायला?"

मग मी जरा डोळे उघडून बघायला लागलो. कात्री उजव्या हातात गेली होती. शिवणाच्या मशीनवर चादर टाकून ठेवलेली. ताईच्या मशीनवर चादर टाकायची कुणाची छाती आहे? तिच्याकडे आज अकराजणी शिवण शिकायला येतात, वर्षभरापूर्वी तिने स्कूटर घेतली आणि पहिल्याच महिन्यात माझ्या फाटकाला धडकवली. ती खिडकीत बसलेली मी पाहिलेली नाही, खिडकीत कापडाचे गठ्ठे आहेत. हे तुला ठाऊक नसणार. तू येऊन गेलास त्याला दोन वर्षं चार महिने झाले. रविवारी चार मिनिटांचा फोन करतोस, त्यात ती बरी आहे म्हणते आणि तूही बरा आहे म्हणतोस.

म्हणजे एकतीस वर्षांत मला जे कळलं नाही ते शनिवारी कळलं. शेवट का बिघडतात? लांबीमुळे नाही. पहिले अडीच तास माणूस पाहिलेलं सांगतो, आणि शेवट त्याने पाहिलेला नसतो, म्हणून तो अंदाजाने रेटतो. तुझे अडीच तास तू पाहिलेले आहेत. चाळीस मिनिटं तू फोनवरून काढली आहेस.

रविवारी दाढ ठणकायला लागली म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझं तोंड उघडं धरून विचारलं, शेवटी काय होतं? मला बोलता येईना. मी डोळ्यांनी काहीतरी खुणा केल्या, तर त्यांनी स्वतःच ठरवलं की आई आजारी पडते, मग बरी होते आणि मुलगा परत येतो. दाढ निघेपर्यंत त्यांनी ते बाहेरच्या बाकावरच्या तिघांना सांगितलं. सोमवारी गावभर झालं. लोक आता ताईला अडवून विचारतात की मुलगा कधी येतोय. ती शिवणाचं माप घेतल्यासारखी एकेकाला वरपासून खालपर्यंत बघते आणि पुढे जाते.

तेव्हा गावाच्या वतीने माझं उत्तर असं की, चाळीसच्या चाळीस मिनिटं काप. निर्मात्यांना सांग, मामा म्हणाला. बाईने दुकान उघडलं तिथे संपव, लोक बसमध्ये पुढचं बोलतील. वाईट वाटून घेऊ नकोस, सिनेमा फार मोठा केला आहेस, आणि हे मी लांबीबद्दल म्हणत नाही. मामीचे आशीर्वाद. खोकल्याचं औषध बदलून बघ.

तुझा,
मामा

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी ताईला वाचून दाखवलं. स्कूटर फाटकाला धडकली नसून फाटक पुढे आलं होतं, अशी दुरुस्ती तिने सुचवली आहे. शिवाय ती म्हणते, कापू नको म्हणावं. मी विचारलं, का? तर सुईत दोरा ओवायला लागली.

ता. क. २. पुन्हा पाकीट उघडलं. शनिवारी एका जागी ताईने रुमाल काढला होता. तो मरणाच्या वेळी असेल असं मी धरून चाललो होतो, म्हणून लिहिलं नाही. आज तिला विचारलं. तसं नव्हतं. सगळं उरकून माणसं गेल्यावर तुझा तो मुलगा लांबून प्रवास करून पोचतो, स्वयंपाकघरात उभ्याने पाणी पितो आणि तसाच परत निघतो, तिथे काढला. मी म्हटलं, त्यात रडण्यासारखं काय आहे? तर म्हणाली, "इतक्या लांबून आला पोरगा, आणि जेवलास का म्हणून त्याला कुणी विचारलं नाही. मी असते तर विचारलं असतं."

ता. क. ३. पत्र टाकायला निघालोय. कापायचं की ठेवायचं ते तू बघ. ताईने दारातून एवढंच विचारायला सांगितलंय की कधी येतोस, आणि वाटेत जेवून येणार आहेस की घरी जेवणार.