पहिली प्रत ठेवून बाकीच्या बाद केल्या

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. परवा आलीस तेव्हा गुडघे कुरकुरत होते, आता कसे आहेत? माझी तब्येत आज सकाळी दहापर्यंत ठणठणीत होती. दहानंतर तोंडाला जी कोरड पडली आहे ती तीन तांबे पाणी पिऊनही जात नाही. फोनवर आवाज कापतो, म्हणून पत्र. शेजारचे प्लंबर तुझ्याच गल्लीत कामाला निघालेत, त्यांच्याबरोबर धाडतो.

सूनबाई दिवसभर लोकांचे दात काढते (दंतवैद्य म्हणून, स्वतः क्वचितच हसते) आणि घरी येऊन व्हिडिओ गेम खेळते. तीन वर्षं आमच्यात "बाबा, चहा ठेवू का?" आणि "ठेव" यापलीकडे बोलणं नव्हतं. मागच्या महिन्यात तिने सहज कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि ताई, बघतो तर काय! त्यातला योद्धा उडी मारतो आणि हवेत असतानाच दुसरी उडी मारतो. कशावर पाय देऊन? (तसं विचारायचं नसतं म्हणे.) पोटात भाला घुसलेला असताना हा गृहस्थ पाव खातो आणि खडखडीत बरा होतो. पिशवीत बावीस तलवारी आणि एक शिडी, तरी पळताना दम लागत नाही. परक्याच्या घरात शिरून मडकी फोडतो, आणि घरमालकीण शेजारी उभी राहून हवापाण्याच्या गोष्टी करते! ग्रंथालयात चाळीस वर्षं मी पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला खडसावत आलो, आणि इथे हा प्रकार. पण सगळ्यांत हादरलो ते 'सेव्ह'मुळे. आहे ती घडी जपून ठेवायची. मग पुलावरून पडा, मरा, पुन्हा तिथूनच सुरू. मला हे इतकं आवडलं की दोन दिवस भाजी चिरतानाही मी मनातल्या मनात सेव्ह करत होतो. जेवण गार होईपर्यंत आम्ही बोलू लागलो. सूनबाई माझ्याशी बोलते, याचा मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू!

आज सकाळी एकटाच खेळायला बसलो. सेव्हची यादी उघडली तर एकाच नावाच्या चौदा नोंदी, फक्त तारखा वेगळ्या. आता ग्रंथपालाने काय करावं? एका पुस्तकाच्या चौदा प्रती दिसल्या की सर्वांत जुनी जपायची, बाकीच्या बाद. जन्मभर हेच केलं. तेरा नोंदी पुसल्या. यंत्र दर वेळी "नक्की?" विचारत होतं आणि मी दर वेळी ठणकावून "नक्की" म्हणत होतो. मग उरलेली उघडली. योद्धा अंथरुणात झोपलेला, तलवार नाही, घोडा नाही, चिलखत नाही. तिची दोन वर्षं मी केराच्या टोपलीत टाकली! ती सहाला येईल. पुन्हा आपलं "चहा ठेवू का"वर येणार!

तुझा,
धाकटा

ता.क. १ : खरी विनंती अशी. परवा सोफ्यावर बसताना तुझ्या हातून बटणं दाबली गेली, असं मी सांगणार आहे. परवापासून तिला खेळायला फुरसत मिळालेली नाही, म्हणजे खपून जाईल. तू मोठी, तुला ती काही बोलायची नाही. तिचा फोन आला तर नुसतं "वय झालं गं" म्हण.

ता.क. २ : प्लंबर गेलेच नाहीत, म्हणून पाकीट फोडून पुढचं लिहितो. सूनबाई आली, मी तुझं नाव घेतलं. ती म्हणाली, "आत्या? बाबा, आत्या वर्षभर हाच गेम खेळतायत. माझ्या पुढे आहेत. सेव्हची एक प्रत दुसरीकडे ठेवत जा, हे मला त्यांनीच शिकवलं." ताई! तू? गुडघ्यांना शेक देत बसलेली असतेस, असं मी समजत होतो! तिने ती प्रत आणली, घोड्यासकट सगळं परत आलं. मी मात्र खोटा पडलो. माफी मागितली, तर नुसतं "बरं" म्हणाली आणि आत गेली. चहाचंही विचारलं नाही. फार लागलंय मला.

ता.क. ३ : तेव्हा तूच रदबदली कर. आणि दुसऱ्या पुलावरच्या त्या राक्षसाला कसं हरवायचं, तेवढं कळव. हे मी विचारलं असं तिला सांगू नकोस, नाहीतर तिला वाटेल की मी गेमसाठीच रडतोय. (थोडंसं तसंही आहे.)