तांबूबद्दल लिहायचं राहिलेलं

घोडेगाव,
२ एप्रिल २०२५

ति. दादास,
रत्नाचा सविनय जय भीम. वि. वि. फोनवर तुला माझं बोलणं ऐकू येत नाही, आणि तुझ्या शेजारच्या हौशीरामभाऊंना मधे घालून सांगावं असं हे नाही, म्हणून लिहिते. पोस्टात उभा जन्म दुसऱ्यांची पत्रं वाटलीस, एखादं तुझ्याही नावानं यावं.

आमचा तांबू तुझ्या मळ्यात ठेवून घेशील का? सव्वा वर्षाचा आहे. माझ्या समाधाननं पिल्लू आणलं तेव्हा डोळे नुकते उघडले होते, मी बाटलीनं दूध पाजून वाढवला. पण इथं आळीत घराला घर लागून. तो मोटारसायकलींमागं धावतो, भुंकतो. माझ्याकडं कपडे शिवायला टाकायला दिवसभर बाया येतात, त्यांना भीती वाटते. आळीतल्या बनाबाईची मुलं म्हणाली की रविवारपर्यंत कुत्रं हलवा, नाहीतर आम्ही हलवतो. ती बोलतात तसं करतात, तुला माहीत आहे.

वहिनी गेल्यापासून तू एकटाच. तिकडं उसातून बिबट्याची ये-जा, दारात भुंकणारं कुणी असलेलं बरं. तांबू जरा खोडकर आहे, एवढंच. तुझ्या शिस्तीत राहील. रविवारी समाधान टेम्पोतून आणून सोडेल.

जेवणाची हेळसांड करू नको. माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.
तुझी,
रत्ना

डिंगोरे, ता. जुन्नर
११ एप्रिल २०२५

चि. रत्नास,
अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि. तुझा तांबू पोचला. समाधान चहासुद्धा न घेता लगेच निघाला, कामावर जायचं म्हणाला.

कुत्रं देखणं आहे. कोंबड्यांची जुनी जाळी होती, ती दुरुस्त करून वर पत्रा टाकला आणि अंधार पडायच्या आत त्याला आत घेतो. बिबट्यानं मागच्याच महिन्यात वरच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं. तांबू दिवसा माझ्या मागं-मागं असतो. मोटारसायकलीमागं अजून एकदाही धावला नाही. फक्त भाकरी टाकली की ताटलीवर उभा राहतो आणि घशातून आवाज काढतो.

त्याच्या लशीचं कार्ड समाधान विसरला. तेवढं तारखेसकट लवकर पाठव. तुझ्याकडं असताना तो कधी कुणाच्या अंगावर गेला होता का, तेही लिही. सहज विचारतो.

अक्षर वाकडं आलंय ते सांभाळून घे. गवत कापताना उजव्या हाताला कोयता लागला.

माझी नात अक्षदा गुरुवारी, सतराला, सुट्टीला येते. चाकणची तिची शाळा संपली. आरती सूनबाई तिला सोडून दुसऱ्या दिवशी परत जाईल, तिला कंपनीत रजा नाही. मी पोरीला कबूल केलंय की तांबूला भाकरी तिच्या हातानं घालायची. पाच वर्षांची झाली, लई धीट आहे.

मशीनवर फार वाकून बसू नको. पाठीचं दुखणं वाढवशील.
तुझा,
खंडूदादा

घोडेगाव,
१६ एप्रिल, सकाळ

दादा,
जय भीम. हे पत्र समाधानच्या हातून पाठवते आहे. तो दारात उभा असेल. आधी हे वाच, मग त्याला पाणी दे.

अक्षदा उद्या येणार, कदाचित आजच आलीही असेल; तिला तांबूजवळ जाऊ देऊ नको. भाकरी तर नाहीच. तुझं पत्र आत्ता पोस्टमननं दिलं. आरतीला दोनदा फोन लावला, पण कंपनीत फोन गेटवरच ठेवून घेतात. हौशीरामभाऊंचा नंबर लागत नाही. म्हणून समाधानला तसाच, अंघोळ न करता, गाडीवर बसवला.

तांबू चावतो, दादा. मार्चमध्ये बनाबाई माप द्यायला आली होती. त्याची ताटली वाटेत होती, ती तिनं पायानं बाजूला सारायला घेतली तर त्यानं मनगट धरलं. आठ टाके पडले. त्याच्या आधी दोनदा समाधानला चावला होता, ते आम्ही घरातच जिरवलं. लस दोन्ही वेळची दिलेली आहे, कार्ड सोबत आहे.

तो असा नव्हता. दिवाळीत माझं ऑपरेशन झालं, महिनाभर मी पुण्याला होते. समाधान कामावर, आणि तांबू दिवसभर हातभर साखळीला. त्या महिन्यात त्याला कुणी मारलं, उपाशी ठेवलं, मला कळलं नाही. परत आले तर भाकरीजवळ मला सुद्धा येऊ देईना. खरं लिहिलं तर तू नाही म्हणशील, आणि तू नाही म्हणालास तर बनाबाईची मुलं त्याला खाण्यातून विष घालून मारतील, एवढंच मनात होतं. अक्षदाचा विचार माझ्या डोक्यातच आला नाही. खरंच आला नाही.

समाधानजवळ फक्त एवढं लिहून दे की पोरगी नीट आहे.
रत्ना

डिंगोरे,
१६ एप्रिल, दुपार

चि. रत्नास,
आशीर्वाद. पोरगी नीट आहे. ती चाकणलाच आहे, इकडं येणार नाही.

आता माझंही ऐक. हाताला कोयता लागला नाही. तांबू आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ताटली उचलायला गेलो आणि त्यानं माझ्या उजव्या हाताचा पंजा धरला. ओतूरच्या सरकारी दवाखान्यात गेलो, सुया चालू आहेत. घरी आलो आणि हौशीरामकडून आरतीला फोन लावून घेतला आणि कुत्रं कसं आहे ते सगळं सांगायला लावलं. लेकरू ज्या घरात येणार तिथं काय आहे हे आईला ठाऊक पाहिजे. ती म्हणाली की मग या सुट्टीत अक्षदा माझ्या माहेरी राहील, कुत्र्याचं काय ते दिवाळीत बघू. तिचं बरोबर आहे.

म्हणजे तुला पत्र लिहिलं तेव्हा अक्षदा येणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं. तू खोटं बोललीस याचा मला लई राग आला होता. आपण दोघांनी एका ताटात खाल्लंय. म्हटलं, पोरीचं नाव घेतलं की तरी खरं बोलते का बघू. आज समाधान दारात आला. घाटात गाडी घसरली होती, कोपर सोलून निघालंय. मी हळद लावून पट्टी बांधली आणि मग तुझं पत्र वाचलं. मला माझीच लाज वाटली. तुझ्या पोराला काही झालं असतं तर मी तुला काय तोंड दाखवलं असतं?

तांबूला परत पाठवत नाही. जाळीला कुलूप केलंय, किल्ली माझ्या गळ्यात. भाकरी ठेवायची, दार लावायचं आणि तो खाऊन लांब बसेपर्यंत तिकडं जायचं नाही. आठ दिवसांत गुरगुरणं थोडं कमी झालंय. तो सुधारेल असं मी म्हणत नाही. पण तो काय आहे ते मला आता माहीत आहे.

अक्षदाची खोली झाडून ठेवली होती. ती तशीच आहे.

तुझा,
खंडूदादा

घोडेगाव,
१८ एप्रिल २०२५

ति. दादास,
सविनय जय भीम. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन दिवस उत्तर दिलं नाही. समाधान इथून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाच तास मी उंबऱ्यावर बसून होते. शिवायला आलेल्या बाया बघून निघून गेल्या. त्या पाच तासांबद्दल मी तुझ्यावर रागावले आहे, आणि हे मनात ठेवून गोड लिहिण्यापेक्षा लिहिलेलं बरं. तुझ्या हाताबद्दल तू माझ्यावर रागाव. मी ऐकून घेईन.

काल बनाबाईकडं गेले. तांबू कुठं आहे आणि तिथं काय झालं ते तिला सांगितलं. ती म्हणाली की तुझ्या भावाला आधी सांगितलं असतंस तर त्यानं ताटलीला हात तरी लावला नसता. मग संध्याकाळी आरती सुटल्यावर तिला फोन केला. लपवलं ते मी लपवलं, तुझ्या सासऱ्यांनी नाही, हे सांगितलं. मग मी विचारलं की पोरगी डिंगोऱ्याला येत नाही तर आजोबा तिकडं आले तर चालतील का. ती म्हणाली की आत्या, त्यांना आम्ही कितीदा बोलावलं, पण मळा सोडून ते येतच नाहीत.

तर आता असं ठरलंय. मी सोमवारी येते. शिवणाची मशीन समाधान टेम्पोतून आणून देईल, बायांना महिनाभर वाट बघायला सांगितलंय. मळा मी बघते, तांबूला भाकरी मी ठेवते, तुझ्या पद्धतीनं, दार लावून. एक दिवस तू जवळ उभा राहून मला दाखव. मंगळवारी समाधान तुला चाकणला सोडेल. राहिलेल्या सुया तिथल्या दवाखान्यात घे, कागद बरोबर ठेव. आरतीनं तिचं माहेर पुढं ढकललंय. अक्षदाला अजून काही सांगितलेलं नाही, तू दारात दिसलास की कळेल.

नको म्हणून हौशीरामभाऊंकडून फोन करवू नको, मी उचलणार नाही. कपडे धुऊन ठेव, आणि कानात घालायचं ते यंत्र पेटीत पडलंय ते या वेळी घेऊन जा. पोरगी हळू बोलते म्हणे.

बाकी भांडण समोरासमोर करू. तोवर मला आपली म्हण.
तुझी,
रत्ना