शांत खोली आणि कापराची डबी

मी, प्रज्ञा तुळशीराम सोमकुवर, वय सत्तावीस, राहणार सावरगाव, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर वेडंवाकडं असलं तरी माझंच समजावं.

गुरुवारी नागपुरात माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, साधी आहे. मी स्वतः परिचारिका आहे, तरी भीती जात नाही.

१. शिलाई मशीन माझ्या आईला, म्हणजे शांताबाईंना. शाळेत जाण्याआधी बाबांनी मला शिवण आणि अक्षरं त्याच मशीनपाशी शिकवली. माझ्या भावाने, अनिलदादाने, ते विकू नये. माझी सायकल त्याने न विचारता विकली होती, हे मी विसरलेले नाही.

२. आमच्या पांढुर्ण्याच्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात मी मांडलेली शांत खोली आयाबाई कमलताईंनी सांभाळावी. सुईला घाबरलेलं मूल आधी तिथे बसतं. निळा पडदा, हात फिरवायला भिंतीवर गोणपाट आणि मखमल, मांडीवर घ्यायला ज्वारीची जड उशी, वास घ्यायला डब्यांत संत्र्याची साल. ज्वारीला ऊन दाखवावं, किडे होतात. नेहा सिस्टरने तिथे मोबाइल चार्जिंगला लावू नये.

कमलताई म्हणाल्या, "गाठ काढाले चालली का जग सोडाले? कायले लिहून राहिली हे?" त्याचं कारण पुढचं कलम.

३. गेल्या पोळ्याच्या आठवड्यात सहा वर्षांच्या श्रुतीला त्या खोलीत दम लागला. ऑक्सिजन लावेपर्यंत ओठ निळे पडले होते. मी डॉक्टरांना सांगितलं, धुळीने झालं असेल. ते खोटं होतं. वासाच्या एका डबीत मी कापूर ठेवला होता, मला आवडतो म्हणून. तिच्या कागदावर दमा लिहिला होता, तो मी वाचला नव्हता. डबी त्याच दिवशी फेकली, पण खोलीला कुलूप लागेल म्हणून गप्प बसले. बोलणी सफाईवाल्या दादारावकाकांनी खाल्ली. "मॅडम, म्या दोनदा पुसलं होतं," एवढंच ते म्हणाले.

४. हा कागद मी मेल्यावर उघडावा, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. उद्याच मोठ्या डॉक्टरांना मी स्वतः वाचून दाखवीन. खोलीचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

पांढुर्णा, सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६
सही: प्रज्ञा तु. सोमकुवर

साक्षीदार १: दादाराव. वाचून दाखवलं, ऐकलं. उद्या वाचताना मी समोर उभा राहीन.

साक्षीदार २: अनुराधा, श्रुतीची आई. सगळं वाचलं. माफ केलं असं मी लिहीत नाही. खोली बंद करू नये. बुधवारी श्रुतीला सुई आहे.